सेप्टिक टँकवर लावलेला तेरडा

मंडळी, माझे सासरे शेत सोडून नागपुरात आमच्याकडे आले, तेव्हापासून गप्पच असायचे. आज सकाळी मात्र त्यांनी अंगणात आंब्यासाठी खड्डा खणायला घेतला.

चेंबर दुरुस्तीला आलेला मिस्त्री म्हणाला, "काकाजी, खाली सेप्टिक टँक आहे. मुळं आत घुसतील."

बाबांनी फावडं ठेवून दिलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, "बाबा, मुळं वरच राहतील असं काही लावू या ना!"

थोड्या वेळानं ते शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून तेरड्याची रोपं आणि हरळी घेऊन आले.

"जन्मभर वावरातून हे निंदून फेकलं, अन् आता लावून राहिलो!" म्हणत खळखळून हसले.

संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "पोरी, उद्या अजून आणू काय?"

तुमच्याकडे टाकीवरची जागा तशीच पडून आहे का?