जाळीला चिकटलेले मासे
नालवाडीच्या वळणावर मासळीचा वास आला की माझी उजवी मूठ अजूनही आपोआप आवळते. वीजकेंद्राच्या पंपघरात नदीच्या पाण्याबरोबर मासे ओढले जाऊन लोखंडी जाळीला चिकटायचे. पंप बंद केला की ओढ थांबून ते सुटायचे, मग आम्ही ते बादलीने परत नदीत सोडायचो. त्या सकाळी कंट्रोल रूममधून फोनवर "बंद केला" ऐकलं आणि मी शिडीवरून पाण्यात हात घातला. शेजारचे पंप धडधडत होते, आवाजावरून काही कळेना. वरून आमचे वयस्क फिटर ओरडले, "हात काढ बे! मासे चिकटूनच हायेत, पंप चालू हाय!" तोवर माझा तळवाही जाळीला चिकटला होता. ओढूनही सुटेना, आणि बोटांखाली एक मासा तडफडत होता. फिटरनी धावत जाऊन लाल बटण दाबलं, तेव्हा मासे आणि माझा हात एकदमच सुटले. आता कोणी "बंद केला" म्हटलं, की मी आधी माशांकडे पाहतो.