कडक मावशीची तब्येत

आमच्या गल्लीत इस्त्री करणारी एक बाई होती. तिला सगळे कडक मावशी म्हणायचे. इस्त्री कडक होतीच, तोंड त्याहून. कुणाच्या सदऱ्यावर कसला डाग आहे, यावरून ती त्याच्या घरातलं भांडण ओळखायची आणि मला सांगायची. पुढे पसरवायला मी समर्थ होतो.

स्वतःच्या घरातलं मात्र अवाक्षर नाही. तिच्या मुलाने भांडणात एकाच्या डोक्यात गज घातला. तो माणूस गेला, मुलगा तुरुंगात. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टेबलापाशी उभी. अंथरुणात ती कधी कुणाला दिसलीच नाही. अंगात ताप असला तरी दारात माणूस आलं की ही केस विंचरून हजर.

मग पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. मावशीला एकच ध्यास, पोराला डोळे भरून बघायचं. आई अंथरुणाला खिळली आहे, या कारणाने लेकीने भावाला तुरुंगातून रजेचा अर्ज करायला लावला.

खरंखोटं बघायला हवालदार आले ते नेमके लेक औषध आणायला गेली तेव्हा. दारावर थाप पडली आणि मावशीने जन्मभर केलं तेच केलं. भिंत धरत उठली, धुतलेले कपडे घातले, तोंडाला पावडर लावली, दार उघडलं. वर चहा टाकला.

हवालदारांनी तब्येत विचारली.

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. "तुमची कॉलर बघा. आजारी ती दिसतेय."

हवालदार हसत हसत गेले. अर्ज नामंजूर झाला. आई हिंडतीफिरती आहे, म्हणे.

लेक एवढंच म्हणाली, "आई, तो पाहुणा नव्हता गं."

मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी थट्टा करायला म्हणून गेलो होतो, तसाच परत आलो.

लेकीने पुन्हा अर्ज घालायला लावला. हवालदार तेच आले. त्या वेळी मी उशाशी बसलो होतो. मावशीचा हात सवयीने फणीकडे गेला. मग तिनेच तो मागे घेतला. केस पिंजारलेले, शेजारी ओकारीचं भांडं. हवालदार दारातच थबकले.

"आत या," मावशी म्हणाली आणि अंगावरची चादर तिनेच बाजूला सारली. "नीट बघून घ्या. आता उठवत नाही मला."

रजा मिळाली. पोरगा दोन शिपायांच्या पहाऱ्यात आला. खाटेपाशी वाकून त्याने विचारलं, "कशी आहेस?"

"बरी नाही रे," मावशी म्हणाली.

तो खाली बसला आणि त्याने तिच्या हातावर डोकं टेकलं. दोन्ही शिपायांना मी गोड बोलून बाहेरच्या बाकावर आणलं आणि गल्लीतल्या भानगडी सांगायला बसलो. त्यांच्यातला कुणी घड्याळाकडे बघायला लागला की मी नवीन भानगड काढायचो. खऱ्या संपल्यावर मनाने रचल्या.