खिळ्यावरची माळ

अख्ख्या चाळीला रक्त तपासायला धाडणाऱ्या शेवंताकाकींनी स्वतःचं रक्त कधी तपासलं होतं का? संध्याकाळी कुकर लावताना हा प्रश्न शांताच्या डोक्यात पुन्हा शिरला, तो काही केल्या निघेना.

निमित्त झालं लेकीचं. वैजू लॅबचा कोर्स करत होती आणि आज बी-काविळीची लस टोचून घेऊन आली होती. दंड चोळत ती सांगत होती, की ए आणि ई कावीळ दूषित पाण्यातून, खाण्यातून येतात आणि बहुतेक वेळा आपणहून बऱ्या होतात. बी आणि सी रक्तातून शिरतात, एकमेकांना टोचलेल्या सुईतून, आईकडून बाळाला. बी तर नवऱ्याकडून बायकोलाही. मग ही कावीळ डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं अंगात मुकाट बसून राहते. बाहेरून कळत नाही, रक्तच तपासावं लागतं.

नवऱ्याकडून बायकोलाही म्हणताच शांताच्या हातातली शिट्टी हातातच राहिली. शेवंताकाकींच्या नवऱ्याला, गणपतकाकांना बीच झाली होती.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं ते. गणपतकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आता दिवसभर गॅलरीत बसून. बसून बसून अंगातलं बळ गेलं म्हणून चाळीतल्या सहा-सात जणांनी कुणाकडून तरी ताकदीची इंजेक्शनं घेतली. सुई एकच. दोन-तीन महिन्यांनी काका हळदीसारखे पिवळे झाले.

काविळीची माळ तर घरचीच. देवगडच्या सासूने ही विद्या शेवंताकाकींच्या पदरात टाकली होती. घेटुळीच्या ओल्या देठाचे तुकडे दोऱ्यात गाठवायचे, माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी ती लांबत गळ्यात येते, मग पोटावर. पैसा घ्यायचा नाही. रविवारी गॅलरीत रांग लागे. काकांची माळ बेंबीपर्यंत आली, चाळ खूश झाली, पण काकांना घास जाईना. शेवटी परळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तात बी काविळीची खूण, ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडल्याचं सांगितलं, तेव्हा काकी म्हणाल्या, आमचा माणूस डिलाईल रोडच्या पुढे कधी गेला नाही, ह्याच्या रक्तात ऑस्ट्रेलिया कोणी आणून टाकली?

आणि त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. कुणासाठी तरी केलेली एक माळ तशीच राहिली होती, माणूस गावी निघून गेला होता. काकांचा रिकामा डबा टांगलेल्या खिळ्यालाच काकींनी ती अडकवली होती. सकाळी चहा ठेवताना बघतात तर माळ लोंबत लोंबत स्टोव्हपाशी आलेली. त्यांनी विती मोजल्या. दोनाच्या पाच झाल्या होत्या. देठ सुकून बारीक झाले होते, गाठी सैल पडल्या होत्या. काकी चौथी शिकलेल्या, पण एवढ्यावर थांबल्या नाहीत. मुद्दाम आणखी दोन माळा केल्या, दुसऱ्या खिळ्यांवर टांगल्या. त्याही लांबल्या.

त्या रविवारी रांगेत शांताही होती, सात वर्षांच्या पिवळ्याधमक वैजूला कडेवर घेऊन, आपली बीएस्सी पदराआड लपवून. काकींनी तिन्ही माळा सगळ्यांसमोर नाचवल्या. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर संप सुरू झाल्यापासून कुणी पाहिला नव्हता.

"ह्या खिळ्याक काय कावीळ झाली व्हती?" त्यांनी विचारलं.

मागून एक म्हातारी पुटपुटली, की सासूची विद्या बुडवलीस गो. काकी म्हणाल्या, विद्या बुडवत नाही, माळ हवी त्याला घालीन. मग शांताकडे वळल्या.

"तुझ्या चेडवाक माळ घालतंय. पण आधी रक्त तपासून ये. खंयची कावीळ ती कळू दे."

वैजूची ए निघाली. नळाच्या पाण्याची. महिन्याभरात पोर गॅलरीत हुंदडायला लागली. शांताला मात्र राहून राहून वाटे, मी चार वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि खिळ्यावर माळ टांगून बघायचं मला सुचलं नाही.

काका पुढे पोटात पाणी होऊन गेले. काकी घोडपदेवला भावाकडे राहायला गेल्या. तुम्ही रक्त तपासलंत का, असं त्यांना विचारावं हे शांताच्या मनात आधीही येऊन गेलं होतं, पण नवरा-बायकोतली गोष्ट, तीही वडीलधाऱ्या बाईला, कोणत्या तोंडाने काढायची? आणि गेल्या गणपतीत काकी भेटल्या त्या किती थकल्यासारख्या. वयामुळे असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"आता कळलं तरी काही करता येतं का गं?" तिने वैजूला विचारलं.

डॉक्टर लक्ष ठेवतात, वेळच्या वेळी यकृत तपासतात, वैजू म्हणाली. आणि नसलीच तर लस आहे की.

शांताने कुकर बंद केला. काकींच्या भावाच्या खालच्या मजल्यावर ॲन्टोनेट राहायची, फोन तिच्याकडे. ती जिन्यातून हाक मारून काकींना बोलावते, काकी उतरेपर्यंत पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्यात शांताचा धीर सुटतो, हे तिला ठाऊक होतं. पण काय बोलायचं ते आज ठरलं होतं. आधी रक्त तपासून या, एवढंच. काकींचंच वाक्य, काकी त्याला नाही म्हणूच शकणार नाहीत. तिने हात पुसले, वहीतला नंबर काढला आणि रिसीव्हर उचलला.