होडी कुठंय?

माझ्या भावानं आजवर टीव्हीचे रिमोट फोडलेत, स्वतःचा फोन फोडलाय आणि एकदा तर आप्पांची भरलेली चहाची बशी भिंतीवर आपटलीय. यातल्या कुठल्याच वस्तूनं त्याचं काही वाकडं केलेलं नव्हतं. त्याचं वैर होतं लाल जर्सीवाल्यांशी.

मोबाइलवरच्या त्या बंदुकांच्या खेळाची देशपातळीवर अजिंक्यपद स्पर्धा होते. चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी जो संघ उभा राहील तो जिंकतो. आमच्या बेंगळुरूच्या पोरांचा संघ हिरवा, पुण्याच्या पोरांचा लाल. माझा भाऊ बँकेत अधिकारी आहे. आठवडाभर टाय लावून म्हाताऱ्या खातेदारांशी गोड बोलतो. रविवारी हिरवी जर्सी अंगावर चढली की, याला आपल्याच घरानं वाढवलंय यावर विश्वास बसू नये असं बोलतो. हिरव्यांच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळपासून फाडू, गाडू, चिरडू एवढंच चालतं. मीही त्याच ग्रुपवर आहे. मीही काही कमी फाडलेलं नाही. बसवनगुडीतल्या आमच्या घरात शांत माणूस जन्मालाच येत नाही.

आमचं कुटुंब कैक पिढ्यांपूर्वी इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड असं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही. तरी एक विभागणी आपोआप झालेली आहे. आम्ही जेवतो मराठीत आणि भांडतो कन्नडमध्ये. लाड करायचे तर मराठी, अंगावर धावून जायचं तर कन्नड. हे कुणी ठरवलेलं नाही. राग आला की तोंडातून तेच बाहेर पडतं.

माझा नवरा पुण्याचा. लग्नानंतर नोकरी बदलून तो इकडं आला आणि माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर आम्ही घर घेतलं. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, रिक्षावाल्यांशी तो हिंदीत बोलतो आणि घरी मराठी. कन्नड त्याच्या कानांवरून नुसतं वाहून जायचं. जाड भिंगाचा चष्मा, हळू आवाज, कुणी पाय दिला तर आपणच सॉरी म्हणणारा. पण संघ लाल. त्याबाबतीत तो इंचभरही हलत नसे.

पहिल्यांदा तो माझ्या माहेरी सामना बघायला बसला तेव्हाची गोष्ट. आमच्या हिरव्यांपैकी एकानं झाडामागून लाल खेळाडूवर नेम धरला आणि माझा भाऊ ओरडायला लागला, "होडी! होडी!" नवरा पुढं वाकून पडदा न्याहाळायला लागला.

"होडी कुठंय?" त्यानं विचारलं.

आप्पांसकट सगळे हसून हसून लोळायचे बाकी राहिले. कन्नडमध्ये होडी म्हणजे मार, हाण. मी त्याला तिथल्या तिथं सांगितलंही. पण नेमकी त्या क्षणी पडद्यावरच्या नदीत एक खरीखुरी होडी बांधलेली दिसत होती. भावानं ती बोटानं दाखवली.

"अहो भावोजी, ती बघा की. अक्काचं काय ऐकता? ती तुमची स्वल्प मजा करतीय."

"अरे, खरंच की," नवरा म्हणाला.

भावानं वर देवाची शपथ घेतली. झालं, माझ्या नवऱ्यानं बायकोला खोटं ठरवलं आणि मेव्हण्याला खरं. मी वैतागून नाद सोडला. तेव्हापासून होडी हा त्या दोघांचा खेळच झाला. भाऊ "होडी" म्हणून ओरडायचा, हा चष्मा सावरून नदी शोधायचा, सापडली नाही की "गेली वाटतं" म्हणायचा, आणि भाऊ त्याच्या मांडीवर थाप मारून हसायचा.

जीव होता त्यांचा एकमेकांवर. ते नाकारून मला चालणार नाही. मला सख्खा भाऊ एकच, माझ्या नवऱ्याला तर तोही नाही. भाऊ दारात आला की नवरा आतूनच हाक द्यायचा, "ये रे, बस." त्या "ये रे"साठी भाऊ सामना नसतानाही यायचा. नवऱ्याच्या वाढदिवसाला त्यानं लाल जर्सी छापून आणली. शत्रूची जर्सी, तीही स्वतः दुकानात उभं राहून. पाठीवर खेळाडूचं टोपणनाव असतं, त्या जागी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं, भावोजी. "हे घालून समोर बसा, म्हणजे शिव्या देताना माणूस चुकायला नको," तो म्हणाला. अख्ख्या बेंगळुरूत अशी जर्सी दुसरी नसेल.

त्या वर्षी अंतिम फेरीत हिरवे आणि लाल दोन्ही पोचले. स्पर्धा दुसऱ्या शहरात होती, म्हणून इथल्या चाहत्यांनी के. आर. पुरमला एक लग्नाचं कार्यालय भाड्यानं घेतलं आणि स्टेजवर, वधूवरांच्या खुर्च्या असतात तिथं, पडदा लावला. रविवारची दुपार. मधोमध वाट ठेवून उजवीकडं हिरवे, डावीकडं लाल. मी हिरव्यांत भावाशेजारी बसले. नवरा वाटेच्या पलीकडं, ती 'भावोजी' छापलेली जर्सी घालून, लालवाल्यांच्या कडेच्या खुर्चीवर. भावानं त्याला लांबून मान उडवण्याची खूण केली. त्यानं हसून नमस्कार केला.

शेवटचा डाव आला तेव्हा सभागृहात श्वास घ्यायला जागा नव्हती. बेटावर दोनच संघ उरले, आमचा आणि त्यांचा. आमचा एक खेळाडू गोळी लागून गुडघ्यांवर आला होता आणि सरपटत भिंतीआड चालला होता. त्याचा साथीदार त्याला उठवायला धावत होता. तो पोचायच्या आत एक लाल खेळाडू छपरावरून उतरला. त्यानं सरपटणाऱ्याला लगेच मारलं नाही. आधी त्याच्याभोवती नाच केला, मग डोक्यात गोळी घातली. पलीकडचे सगळे खुर्च्यांवर चढून तसेच नाचायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी पाण्याची भरलेली बाटली भिरकावली, ती एका लाल पोरीच्या कानशिलावर बसली. मग कुठून काय झालं ते सांगता येत नाही. खुर्च्या घडीच्या, लोखंडी. त्या घडी होण्याचा कटकट आवाज सगळीकडून यायला लागला. माणसं माणसांवर पडत होती. एकाचं नाक फुटून त्याची हिरवी जर्सी पोटापर्यंत भिजली होती. जेवणाच्या टेबलांवरचे स्टीलचे तांबे उडत होते. माझे केस कुणीतरी मागून धरले, मी वळून त्याच्या मनगटाला चावले आणि तो सोडेपर्यंत दात सैल केले नाहीत. तोंडात रक्ताची चव आली. ते माझं होतं की त्याचं, मला अजून माहीत नाही.

नवरा वाटेत उभा होता. कुणाला मारत नव्हता. दोन्ही हात वर करून "अरे, बस झालं, खेळ आहे यार," असं काहीतरी म्हणत होता. त्याची पाठ आमच्याकडं होती. माझ्या भावाचा शाळेपासूनचा दोस्त, व्यायामशाळेत जाऊन रेडा झालेला, घडी केलेली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मागं गेला. मला ते दिसलं. मी ओरडले, पण त्या गोंधळात माझं मलाच ऐकू आलं नाही. ऐकू आला तो शेजारून भावाचा आवाज. लहानपणापासून त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो.

"होडी! होडी!"

नवऱ्यानंही तो ऐकला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, शब्दही ओळखीचा होता. एवढ्या हाणामारीत त्यानं चष्मा सावरत मान वळवून पडद्याकडं बघितलं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. नदी शोधली. तेवढ्यात खुर्चीचा पाय त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि चष्म्याचं भिंग आत फुटलं.

मी खुर्च्यांवरून उड्या टाकत गेले. त्या रेड्याला मी हातात आलेला तांबा घालून खाली बसवला आणि आणखी घातला असता, पण नवरा जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोळा धरून होता आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तोवर पोलीस लाठ्या घेऊन आत घुसले होते. सामना कुणी जिंकला ते मला दोन दिवसांनी कळलं.

हॉस्पिटलमध्ये त्याला लगेच आत नेलं. डोळा राहील की काढावा लागेल, उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. मी बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं भाऊ आला. ओठ फुटलेला, जर्सी फाटलेली, चेहरा पांढराफटक. माझ्यासमोर जमिनीवरच बसला आणि रडायला लागला.

मी त्याची कॉलर धरली. "त्याच्या पाठीवर काय छापलंय? तूच छापलंयस. वाच."

"अक्का, ऐक गं. मी माझ्या दोस्ताला नव्हतो सांगत. मी भावोजींना सांगत होतो. मागून तो आला ना, म्हणून मी भावोजींना म्हणत होतो, मारा, मारा त्याला. ते विसरलोच की त्यांना कन्नड येत नाही. देवाशप्पथ, अक्का."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. फार ठेवायचा होता. असं होऊ शकतं, आमच्या घरात तर नक्कीच होऊ शकतं. राग आला की आमच्या तोंडातून मराठी निघतच नाही. वाचवायला म्हणून ओरडला असेल आणि चुकीच्या भाषेत ओरडला असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि माझी त्याच्या कॉलरवरची पकड सैल झाली. त्याच्या पाठीवर हात ठेवायला मी हात पुढं केलासुद्धा.

आणि मग मला ते ऐकू आलं. मराठीत मार आणि मारा, तसं कन्नडमध्ये होडी आणि होडीरी. बरोबरीच्या दोस्ताला होडी. मोठ्या माणसाला, मान असलेल्याला, होडीरी. माझ्या भावानं जावई म्हणून घरात आलेल्या माणसाला एकदाही अरे-तुरे केलेलं नव्हतं. खेळात नाही, थट्टेत नाही. झोपेतून उठवलं असतं तरी त्याच्या तोंडून अहो आलं असतं.

"भावोजींना तू अरे-तुरे कधीपासून करायला लागलास?" मी विचारलं.

तो रडायचा थांबला.

"आत्ता मला सांगताना 'मारा' म्हणालास. तिथं 'होडी' म्हणालास. होडीरी नाही म्हणालास."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या बंद दाराकडं. मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की पलीकडच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मग आणखी एक. त्यानं हात वर केला नाही. वॉर्डातल्या सिस्टरनं येऊन मला बाजूला ओढलं.

डोळा राहिला, नजर राहिली नाही. त्या डोळ्यानं नवऱ्याला सगळं दुधावर साय धरल्यासारखं दिसतं. उजेड कळतो, माणूस कळत नाही. पट्टी बांधलेला असताना त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "होडी होती का गं?" मी त्याला सगळं सांगितलं. होडी म्हणजे काय, होडीरी म्हणजे काय, आणि बाहेर बाकापाशी काय झालं तेही. या वेळी त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. भावाबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. मी मात्र रोज बोलत होते, दोघांच्या वाटचं.

खुर्चीवाल्यावर खटला चालू आहे. भावाला कुणी काही विचारलं नाही, कारण ओरडत तर सगळेच होते. आप्पा मध्ये पडले, आई पाया पडायला निघाली. मी भावाशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी आली. रविवारी दुपारी बेल वाजली. दारात भाऊ उभा होता. साधा शर्ट, हातात काही नाही. वाळून अर्धा झाला होता. मी दार लावणार होते, पण नवरा माझ्या मागून पुढं आला आणि मान जरा वळवून, चांगला डोळा त्याच्याकडं करून त्यानं त्याला बघितलं.

"या," नवरा म्हणाला.

भाऊ उंबऱ्यातच थबकला. त्याला वाटलं असावं की आपल्या मागं आणखी कुणी उभं आहे.

"या ना. बसा."

तो आत आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. टीव्ही बंदच होता. मी इतके दिवस मनात जपून ठेवलेल्या शिव्या मला एकदम निरुपयोगी वाटायला लागल्या.

"भावोजी," तो म्हणाला, "मला ये म्हणा की. पूर्वीसारखं."

नवरा उठला, आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"घ्या," तो म्हणाला.