दोन वाजेपर्यंतचा स्वातंत्र्यदिन

ऑगस्टमध्ये कुवेतात शहाणं माणूस सहलीला जात नाही. मीही गेले नसते. पण आमच्या डायलिसिस विभागात एका कुवेती आजींना घेऊन येणारी त्यांची कामवाली सीती एकदा म्हणाली, "सिस्टर, तुमच्याकडे गाडी आहे ना?"

सतरा ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. त्यानंतरच्या शुक्रवारी वफ्राच्या एका शेतघरात तिच्या देशाच्या बायका जमणार होत्या. स्वातंत्र्य साजरं करायला मॅडमनी, म्हणजे आजींच्या सुनेनं, परवानगी दिली होती. दुपारी दोनपर्यंत.

मी राहते त्या फहाहीलहून वफ्रा दक्षिणेला, सीती मात्र उत्तरेला सबाह अल-सालेमला राहते. त्यामुळे आधी उलटं जावं लागलं. तुम्ही जाणार असाल तर टाकी भरून घ्या आणि पाणी वाटतं त्याच्या दुप्पट ठेवा. हायवे सुटल्यावर दिसतात ती खजुराची झाडं आणि हरितगृहं. त्या उन्हातही तिथे माणसं काम करत होती.

सीतीनं लाल ब्लाउज आणि पांढरा स्कार्फ घातला होता, झेंड्याचे रंग. "घरी युनिफॉर्म असतो," ती म्हणाली.

हॉलमध्ये एसी होता, हे देवाचे उपकार. राष्ट्रगीत झालं. मग पिवळ्या भाताचा डोंगर आला, सोबत मिरचीची चटणी. मी कोल्हापूरची, तरी दोनदा पाणी प्यायले.

त्यानंतर खेळ. दोरीला टांगलेला मोठा पापड हात मागे बांधून खायचा. सीती अंतिम फेरीत पोचली तेव्हा पाऊण वाजला होता. परतीला तासाभराहून जास्त लागणार होतं, म्हणून मी घड्याळ दाखवलं. तिनं ते नीट पाहिलं आणि पुन्हा पापडाकडे तोंड वळवलं.

ती जिंकली. बक्षीस म्हणून प्लास्टिकची बादली आणि फरशी पुसायचा मॉप मिळाला. बक्षीस पाहून हसू आलेली मी एकटीच.

आम्ही पोचलो तेव्हा दोन चाळीस झाले होते. मॅडम दारातच उभ्या होत्या.

"रस्त्यात ट्रॅफिक होतं," मी म्हणाले. शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, वफ्राच्या रिकाम्या रस्त्यावर.

"नव्हतं," सीती शांतपणे म्हणाली. "मी स्पर्धेसाठी थांबले."

मॅडमनी पुढच्या दोन शुक्रवारच्या सुट्ट्या रद्द केल्या. बादली उचलून म्हणाल्या, "बरी आहे. बाल्कनीला होईल."

घरी आल्यावर मला चैन पडेना. तिला हाताला धरून वेळेत बाहेर काढायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं. रविवारी ती आजींना घेऊन आली तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं.

आजींच्या पायावर पांघरूण सारखं करत ती म्हणाली, "सिस्टर, सहा वर्षांत मी पहिल्यांदाच कुठेतरी उशिरा आले." मग आजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "छान वाटलं."