सम्राटाचा घोडा आणि माझा तिसरा मजला

हे गेल्यावर मुलगा मला पुण्याहून लंडनजवळ क्रॉयडनला घेऊन आला, तेव्हा मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं, चार-सहा महिन्यांत परत येतेच. त्याला आता बरीच वर्षं झाली. कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कुलूप लावून ठेवला होता आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. शेजारी दुसरी किल्ली मागत होते, पण राज्य असं कुणाच्या हवाली करत नसतात.

आयुष्यभर मी शाळेत इतिहास शिकवला, शेवटी मुख्याध्यापिकाही झाले. व्हरांड्यात माझ्या चपला वाजल्या की वर्ग गप्प व्हायचे. इथे मी फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजायचा आणि सून आतूनच म्हणायची, "आई, एक्स्ट्रॅक्टर फॅन ऑन करा ना प्लीज."

एका रविवारी तिने मला जवळच्याच चिझलहर्स्ट गावाला नेलं. युद्धात हरलेला, गादी गेलेला फ्रान्सचा शेवटचा सम्राट तिथे येऊन राहिला आणि तिथेच वारला. त्याच्या वाड्यात आता गोल्फ क्लब आहे. वर्गात मी या गृहस्थांची एका वाक्यात बोळवण करत असे: पुढे तो इंग्लंडमध्ये मरण पावला, वही मिटा.

फाटकाशी उभं राहून सुनेने फोनवरून पुढचं वाचून दाखवलं. सम्राटाला परत जाऊन गादी मिळवायची होती. त्यासाठी सैन्यापुढे घोड्यावर बसायला हवं, आणि मूत्राशयातल्या खड्यामुळे ते जमेना. म्हणून त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यातच तो गेला.

माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख नुकतीच आली होती. इथल्या बागेतून फिरता येईल, असं मी घरात सांगितलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही, आणि मला तिसरा मजला चढायचा होता.

"आई, टेन्शन आलं का?" सुनेने विचारलं.

"छे. त्याला मधुमेह असेल," मी मुख्याध्यापिकेच्या आवाजात ठोकून दिलं.

ऑपरेशन छान झालं. मी मुलाच्या घरातला जिना मोहिमेवर निघाल्यासारखी चढू-उतरू लागले. फिजिओ 'ब्रिलियंट' म्हणायची, आणि मलाही ते पटायचं. पुण्याच्या तिकिटाचा विषय मुलापाशी कसा काढायचा, त्याची वाक्यंसुद्धा मी मनात तयार केली होती.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"बाई, आनंदाची बातमी आहे. रिडेव्हलपमेंट पक्कं झालं. दिवाळीनंतर बिल्डिंग पाडतायत. नवीन बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. तुमच्या गुडघ्याची काळजीच मिटली बघा."

"अरे वा," मी म्हणाले. ताबा कधी मिळणार, तेही विचारलं. तीन-चार वर्षं तरी लागतील म्हणाले. माझ्या वयाला तीन-चार वर्षं कुणी इतक्या सहज सांगू नयेत.

फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. माझं घर जाणार होतं, आणि मी तिथे पोचण्यासाठी हाड कापून घेतलं होतं.

सून धावत आली. "आई, काय झालं? गुडघा दुखतोय का?"

मी हो म्हटलं. तिने फ्रीझरमधून मटारची पिशवी आणली, टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या नव्या, ठणठणीत गुडघ्यावर धरून बसली. मी तिला धरू दिलं.