मनोऱ्याखालचं मीठ

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मिठाचं नवं पाकीट फोडताना ती घटना हटकून आठवते.

मी मूळचा पुण्याचा. शिकायला नेदरलँड्सला आलो, इथेच संसार थाटला आणि डच पोलिसांत नोकरी केली. शेवटची काही वर्षं हार्लेमच्या बाजूला एका गावात वस्तीचा पोलीस होतो. सायकलचोऱ्या, शेजाऱ्यांची भांडणं, हरवलेली कुत्री हा रोजचा कारभार.

गावाबाहेर एका मध्ययुगीन चर्चचे अवशेष आहेत. अर्धा मनोरा, गुडघाभर उरलेल्या भिंती आणि भोवती कललेल्या थडग्यांची दफनभूमी. आता तिथे कोणाला पुरत नाहीत. गावातल्या एक आजी हौसेने त्या जागेची देखभाल करायच्या. कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा घट्ट लावणाऱ्या, पण नजर पक्की. मार्चमधल्या एका सोमवारी त्या ठाण्यात आल्या.

"मनोऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात कोणीतरी खणलंय," त्या म्हणाल्या. "आणि एक माणूस दर रविवारी सकाळी तिथे येतो. तुझ्यासारखाच, भारतीय असावा. बूट काढून उभा राहतो. एवढ्या थंडीत, ओल्या गवतावर!"

बूट काढण्याचं मला नवल वाटलं नाही, पण खणल्याचं कानावर आल्यावर गप्प बसता येत नाही. मी वर कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी पथक आलं. पथकात माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, कामात भयंकर काटेकोर. दोन वीत खाली एक छोटी लाकडी पेटी लागली. झाकण उचललं. आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ होतं, माझ्या ओंजळीत मावेल एवढं.

डॉक्टर आले. फारच लवकर जन्मलेलं, मारहाणीची खूण नाही, असं त्यांनी जागेवरच सांगितलं. बाई मात्र भुरभुर पावसात टेप लावून मोजत होत्या. पेटी किती लांब, भिंतीपासून किती दूर, आतल्या देहाची दिशा कुठली. मी वैतागून म्हणालो, "याचा कोणाला काय उपयोग?" त्यांनी पुढचं माप लिहून घेतलं.

मग त्यांनी हातमोज्यावर पांढरे कण दाखवले. पेटीखाली आणि भोवती पसाभर मीठ होतं. "वास लपवायला टाकलं असेल," एक सहकारी म्हणाला.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. हे लपवणं नव्हतं. कोणीतरी आपल्या परीने सगळं रीतसर केलं होतं.

बाळ कोणाचं हे कळेपर्यंत पेटी जागच्या जागी ठेवून पहारा लावायचं ठरलं. रविवारी तो बूट काढणारा माणूस आला. तिशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग. ठाण्यात नेल्यावर मी त्याला वकिलाचा हक्क सांगितला, गप्प राहण्याचा हक्क सांगितला, सगळं इंग्रजीत. त्याचं मराठी आडनाव वाचलं आणि माझा तोल गेला. मराठीत विचारलं, "कोणाचं मूल पुरलंस रे तिथे?"

इतर कोणाशी मी असा बोललो नसतो. आपल्या माणसावर आवाज चढवायचा हक्क आहे, असं मी धरून चाललो होतो. त्याची आजही लाज वाटते.

तो टेबलाला धरून रडायला लागला. "माझंच आहे, सर. माझी मुलगी."

त्याने बॅगेतून हॉस्पिटलचं पत्र काढलं. बाळ त्यांनी रीतसर त्याच्या ताब्यात दिलं होतं. इतक्या लवकर गेलेल्या बाळाचं दफन कुठे करायचं, हे इथला कायदा आईवडिलांवर सोडतो. गुन्हा उरला तो एवढाच, की संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय खणलं.

"पण तिथेच का?" मी विचारलं.

"आई फोनवर म्हणाली, अग्नी देऊ नको. आम्ही थर्ड फ्लोअरला राहतो, काका, बाग नाही. सायकलवरून जाताना ते चर्च दिसायचं. वाटलं, तिथे एवढी माणसं आहेत, तिला सोबत होईल."

नगरपालिकेने आणि जागा सांभाळणाऱ्या आजींच्या मंडळाने मन मोठं केलं. पेटी तिथेच राहू द्यायला ते तयार झाले. अट एकच, अर्जावर आई आणि वडील दोघांची सही हवी. ते ऐकून त्याने अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

"बायकोला माहीत नाहीये. हॉस्पिटलने सगळं केलं, असं सांगितलंय. आई म्हणाली, बाळंतिणीला दाखवू नये. काका, प्लीज, तुम्ही काहीतरी ॲडजस्ट करा ना."

"सही खोटी चालणार नाही," मी म्हणालो. "आणि आज लपवलंस, तर तिला तिची मुलगी आयुष्यात भेटायची नाही."

चार दिवसांनी सकाळी दोघं नवरा-बायको चर्चपाशी आले. आजी थर्मास घेऊन भिंतीपाशी थांबल्या होत्या. तिने फाटकातच बूट काढले. नवऱ्याशी ती एक शब्द बोलत नव्हती. मनोऱ्याच्या कोपऱ्यात येऊन तिने माती पाहिली आणि विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

त्याला सांगता येईना. पेटी हॉस्पिटलात बंद झाली होती, दोन्ही टोकं सारखीच. त्याने हात जोडले. ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला माहितीये?"

मी फाइलमधून पंचनामा काढला. बाईंनी डच भाषेत लिहिलेली ओळ तिला मराठीत वाचून दाखवली: डोकं मनोऱ्याकडे, चेहरा उजवीकडे वळलेला.

ती त्या बाजूला बसली आणि निजवताना थोपटतात तशी हलक्या हाताने माती थोपटू लागली. बऱ्याच वेळाने नवराही शेजारी बसला. तिने त्याला बसू दिलं.

त्याच दुपारी मी त्या बाईंना फोन करून माफी मागितली. पुढे पंचनाम्यात कोणी एखादी ओळ जास्त लिहिली, तर मी कधी चिडलो नाही. पंचनामा कोर्टासाठी लिहायचा असतो, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तो एखाद्या आईलाही वाचून दाखवावा लागतो, हे नोकरीच्या शेवटी कळलं.